टेबलाची सवत

भिंगरीला चहा उकळेपर्यंत थांबता यायचं नाही. पातेल्यात पाणी पडलं की तो ते पिऊन टाकायचा, वर साखर फाकायचा, पूड चघळायचा, आणि दूध तापेस्तोवर स्वारी रस्त्यावर. त्याचा चहा पोटातच उकळतो असं त्याची वहिनी सांगायची, आणि वहिनी उगाच काही बोलणारी बाई नव्हती. चालताना त्याची सावली त्याला गाठू शकायची नाही. दुपारी तो दुकानात शिरला की घटकाभराने ती धापा टाकत दारात यायची आणि उंबऱ्यावरच बसून राहायची. मी स्वतः तिला दोनदा पाणी विचारलंय.

दुकान त्याच्या काकीचं. लाकडी सामानाला पॉलिश करायचं. लांबट खोली, एका अंगाला दोन मोठ्या खिडक्या, आणि छताला पंखा नाही, कारण पंख्याने धूळ उडते आणि ओल्या पॉलिशला चिकटते. उन्हाळ्यात लाकडाआधी आम्हीच वाळायचो. सुतार कपाटं, खुर्च्या, पलंग आणून टाकायचे. मी कागदाने घासायचो, भिंगरी पॉलिश मारायचा. एका थराला आम्ही एक हात म्हणतो. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, हलकं घासायचं, मग दुसरा. असे आठ-दहा हात. मारायला कसब लागतं हे कुणालाही कळतं. वाळू द्यायलाही लागतं हे ज्यांना कळत नाही ती सगळी मंडळी नेमकी आमच्याच गल्लीत राहायला होती.

भिंगरीचं मनगट देवाने सवडीने घडवलेलं. कापसाची पुरचुंडी पॉलिशमध्ये बुडवून त्याने फळीवरून फिरवली की लाकूड डोळे उघडायचं. एकदा त्याने केलेल्या कपाटाच्या दारात एक माशी बुडून मेली. तिला ते पाणीच वाटलं. पण मनगट झाल्यावर देवाला कुणाची तरी हाक आली असावी, कारण अंगठा त्याने चुकीचा बसवला. हात मारून दहा मिनिटं झाली की तो अंगठा जाऊन पॉलिशवर टेकायचा. वाळलंय का बघायला. वाळलेलं नसायचं. दहा मिनिटांत वाळत नाही हे भिंगरीला ठाऊक होतं. अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठसा उमटला की ह्याची घालमेल सुरू. ओल्यातच पुसायला जायचा, पुसलं की फराटा, फराट्यावर पॉलिश ओतलं की ओघळ, ओघळ खरवडला की खड्डा. गावातल्या निम्म्या कपाटांवर त्याचा अंगठा उमटलेला होता. पोलिसांना त्याचे ठसे हवे असते तर त्यांना चौकीतून उठायचीही गरज नव्हती. साहेबाच्या पाठीमागचं कपाट आमच्याकडूनच गेलेलं होतं.

काकी अंगाने काडी आणि जिभेने रंधा. काका गेल्यावर चाळीस वर्षं तिने एकटीने हे दुकान ओढलं. भिंगरीला ती नऊ वेळा काढून टाकायची आणि दहाव्या वेळी बोलावून घ्यायची, कारण तसं मनगट दुसरीकडे मिळत नव्हतं.

काकीचा एक धाकटा भाऊही दुकानात असे. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. मामाचं काम वाळणीवर लक्ष ठेवणं. हे काम तो आरामखुर्चीत, डोळे मिटून करायचा. ती खुर्ची एका गिऱ्हाइकाची होती. मामा एकदा तिच्यात बसला आणि गिऱ्हाईक तीन हेलपाटे घालून नवी खुर्ची करायला दुसरीकडे गेलं. मामाच्या डाव्या कानापासून स्पिरिटच्या बाटलीपर्यंत एका कोळ्याने जाळं विणलं होतं. त्यात कोळ्याची तिसरी पिढी नांदत होती, आणि तिला मामा हा भिंतीचाच भाग वाटायचा. पॉलिश आपोआप वाळतं, माणूसही आपोआप सुधारतो, मधे कुणी बोट घालू नये, असं मामाचं तत्त्वज्ञान. त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं, आणि त्याच्या जिवावर मामा उरलेलं अर्धं आयुष्यभर खपवत आला.

तर काकीचे गुडघे गेले. लेक दुसऱ्या गावी होती, ती म्हणाली, आता ये. काकीने ठरवलं, दोन महिन्यांनी जायचं. दुकानाचं काय, हा प्रश्न आला. शेजारच्या रंगवाल्याला ते डबे ठेवायला हवं होतं. तो रोज येऊन भिंतीकडे असा बघायचा जसं कुणी आजाऱ्याच्या अंगावरच्या शालीकडे बघावं.

त्याच सुमारास वाचनालयाचं टेबल आलं. सोळा माणसं बसतील असं लांबलचक, एका अखंड फळीचं. ज्या झाडाचं ते होतं त्याच्या सावलीत म्हणे एक आख्खी शाळा भरायची. वाचनालयाच्या बाईंनी सांगितलं होतं, दोन महिन्यांनी उद्घाटन आहे, आणि टेबलावर एकही डाग नको. टेबल आत घेऊन झालं तेव्हा काकीने भिंगरीला समोर उभं केलं.

"हे टेबल एका ठशाशिवाय बाहेर गेलं तर दुकान तुझं. एक ठसा दिसला तर रंगवाल्याचं, आणि तू जा भावाच्या चपलांच्या दुकानात. लोकांच्या टाचा धर."

भिंगरीचा चेहरा पडला, कारण टाचा त्याने धरून पाहिल्या होत्या. एका गिऱ्हाइकाला एक बूट चढवून दुसरा बूट त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला चढवला होता, आणि ती दोन माणसं भांडत भांडत एकाच रस्त्याने घरी गेली होती. त्याआधी तो टपालात होता, छापखान्यात होता, एका दातांच्या डॉक्टरकडे सात दिवस होता. चौतिशीत त्याला एकच गोष्ट नीट येत होती आणि ती ह्या खोलीत होती. ही खोली गेली तर त्याच्याजवळ फक्त अंगठा उरणार होता.

मग भिंगरीने ठरवलं की आपण चांगल्या सवयी लावून घ्यायच्या. दुसऱ्या एखाद्याने एक सवय लावून बघितली असती. ह्याने बावीस घेतल्या.

त्याला कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. हे सर सवयींचा वर्ग घ्यायचे. त्याआधी त्यांनी गाद्या विकल्या होत्या आणि त्याआधी छत्र्या, त्यामुळे माणसाला झोप आणि काळजी दोन्ही कशी विकायची हे त्यांना चांगलं जमायचं. त्यांच्या गळ्यात शिटी असायची. अस्वस्थता म्हणजे वाफ, विश्रांती म्हणजे झाकण, आणि दोन्हींचा तोल म्हणजे यशस्वी जीवन, असं ते सांगायचे, आणि समोरची पन्नास माणसं ते वहीत उतरवून घ्यायची, जणू पुढच्या वेळी भात करताना उपयोगी पडेल. शिटी वाजली की पंचवीस मिनिटं झटून काम, परत वाजली की पाच मिनिटं विसावा. वर शिटी वाजली की खाली मामा दचकून कूस बदलायचा. बरीच वर्षं त्याने केलेला तेवढाच व्यायाम.

भिंगरीने भिंतीवर तक्ता लावला. पहाटे उठणे, गार पाण्याने अंघोळ, धावणे, दहा पानं वाचणे, श्वास मोजणे, डाव्या हाताने दात घासणे, रोज एका माणसाची स्तुती करणे. ही शेवटची सवय तो रंगवाल्यावर उरकायचा, कारण तो सगळ्यात जवळ राहायचा. सकाळी सातपर्यंत बाविसाव्या चौकोनावर फुली पडलेली असायची. आणि विश्रांती? तीही त्याने मनापासून घेतली. पाच मिनिटांची विश्रांती तो दीड मिनिटात संपवायचा. जमिनीवर धाडकन आडवा व्हायचा, डोळे इतके करकचून मिटायचा की कान हलायचे, आणि उठून सांगायचा की झाली. सरांनी त्याला वर्गापुढे उभं करून टाळ्या मिळवून दिल्या. असा तोल त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. मीही नाही. उकळत्या पातेल्यावर कुणी झाकणाने ताशा वाजवावा तसा तो प्रकार होता.

ह्या सगळ्याचा अंगठ्यावर काय परिणाम झाला? त्या आठवड्यात चार खुर्च्या गेल्या. सातनंतर फुली मारायला काही उरायचं नाही, मग दिवसभर अंगठा मोकाट. टेबलाचं घासकाम अजून माझ्याकडे चाललं होतं म्हणून ते वाचलं. काकीने तक्त्यापुढे उभं राहून बावीसच्या बावीस सवयी वाचल्या आणि विचारलं, ह्यात पॉलिशला हात न लावणे कुठे आहे. भिंगरी म्हणाला, ती तेविसावी, पुढच्या महिन्यात घेणार आहे.

सर म्हणाले, तुमची अस्वस्थता जास्त झाली, आता विश्रांतीवर भर द्या. विश्रांतीवर भर द्यायचा तर आमच्याकडे त्या विषयातला पंडित खुर्चीतच होता. भिंगरी मामाकडे शागिर्दीला बसला. मामाने त्याला फक्त एकदाच उपदेश केला, तोही जांभईच्या अलीकडे अर्धा आणि पलीकडे अर्धा. पहिल्या दिवशी भिंगरी बसल्या बसल्या इतका थरथरला की शेजारच्या कपाटाचे ड्रॉवर आपोआप उघडले. दुसऱ्या दिवशी ड्रॉवर मिटले. तिसऱ्या दिवशी कोळ्याची एक सून त्याच्या कानाकडे बघून गेली. काकीला क्षणभर आशा वाटली, पण तो निवांत झाला नव्हता, नुसता बंद पडला होता. पुरचुंड्या कडक झाल्या, उघड्या बरणीतलं पॉलिश गोठलं, सुतार बाहेरून शिव्या देऊन गेले. चौथ्या दिवशी साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि एका कपड्यांच्या कपाटावर त्याने एका बैठकीत अकरा ठसे उमटवले. ओळीत, एकसारख्या अंतरावर. कपाटवाल्याला ती नक्षी वाटली आणि तो खूश होऊन गेला, पण काकीला नक्षी आणि अंगठा यांतला फरक कळत होता.

तिने भिंगरीला बोलावलं. तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. म्हणाला, हा अंगठा बांधून ठेवतो, कापतो, काय करू.

काकी म्हणाली, "अंगठा मरायचा नाही. तू मेल्यावर पण तो चितेवर लाकूड वाळलंय का बघेल. त्याला काम दे."

आणि तिने टेबलाच्याच लाकडाची एक हातभर फळी काढून दिली. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे, पण आम्ही पोरासोरांसमोर फारसं बोलत नाही, कारण आम्ही त्या फळीला सवत म्हणतो. टेबलाची सवत. टेबलाला जो हात मारायचा तोच, त्याच वेळी, तेवढाच सवतीलाही मारायचा. मग टेबल बंद. ज्याला ज्याला वाळलंय का बघायची खाज सुटेल त्याने सवतीला हात लावायचा. ती वाळली की टेबल वाळलं. ती बिचारी सगळा छळ सोसते आणि टेबल राणीसारखं पडून राहतं.

सोपं होतं. मामालाही एका दमात कळलं. पण भिंगरीला सोपं दिलं की तो त्याचं काय करेल याचा नेम नव्हता.

टेबलाला पहिला हात मारला, सवतीला मारला. दहा मिनिटांनी अंगठा निघाला, टेबलाकडे वळला, भिंगरीने त्याला दुसऱ्या हाताने धरून सवतीवर आणला. टेकवला. ठसा उमटला. टेबल वाचलं. दुसरा हात, तिसरा हात, तसंच. काकी त्या दिवशी स्वतः चहा करायला उठली. मला तेव्हाच वाटलं की हे फार दिवस टिकायचं नाही.

झालं असं की चौथ्या हाताला सवत सुंदर दिसायला लागली. मनगट त्याचंच ना. फळी लहान, त्यामुळे मनगट तिच्यावर लाडात फिरायचं. तिच्यात खिडकी दिसायला लागली, मग खिडकीबाहेरचं झाड, मग झाडावरच्या पाखराच्या पोटाखालची पिसं. आता अशा फळीवर अंगठा कसा टेकवायचा? भिंगरीच्याने ते होईना. त्याने सवतीसाठी दुसरी फळी घेतली. सवतीला सवत. अंगठा तिच्यावर. एका दिवसात तीही देखणी झाली. मग तिला तिसरी. मी सांगतो त्यात तिळाएवढी भर नाही: महिन्याच्या शेवटी दुकानात सव्वीस फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकीपेक्षा एक लखलखीत, आणि सव्विसाव्या फळीवर ठसा उमटवावा की नको ह्या विचारात भिंगरी अंगठा हवेत धरून उभा. टेबलाकडे बघायला त्याला सवड नव्हती. सर सगळा वर्ग घेऊन खाली आले आणि म्हणाले, बघा, सवयीची साखळी ती ही. लोकांनी वह्या काढल्या.

काकी काठी टेकत आली. सव्वीस फळ्यांवरून तिने नजर फिरवली.

"हा जनानखाना कुणाचा?"

भिंगरीने अंगठा खिशात घातला.

"सवत छळायला असते रे. नटवायला नाही. तुला खाज टेबलाची नव्हतीच, तुला फक्त हलत राहायचंय. उद्या सगळ्या फळ्या संपतील, मग जमिनीला पॉलिश करशील."

तिने पंचवीस फळ्या सुतारांना देऊन टाकल्या. त्यांनी त्या कपाटांच्या मागच्या बाजूला ठोकल्या, आणि गावात कित्येक घरांत आजही कपाटाचं तोंड मळकट आणि पाठ आरशासारखी आहे. भिंगरीकडे एकच सवत राहिली, ती पहिली. काकीने तिच्यावर समोर उभं राहून दहा ठसे उमटवून घेतले. पहिला देताना त्याचे डोळे भरले. दहाव्याला त्याने विचारलं की आता खुर्ची घासायला घेऊ का.

मला वाटतं ते तिथे सुरू झालं. नक्की सांगता येत नाही, कारण कुणी फुली मारली नाही. टेबलाला हात मारायचा, सवतीला मारायचा, आणि तिथून निघून जायचं. कुणाची खुर्ची घासायची, पुरचुंड्या बांधायच्या, चहा प्यायचा, उकळलेला. अंगठ्याला आठवण आली की यायचं, सवतीला टोचायचं, ओली आहे म्हणायचं आणि परत जायचं. त्याने तक्ता कधी काढला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटेचं धावणं बंद झालं, डाव्या हाताने दात घासणं बंद झालं. रंगवाल्याची स्तुती बंद झाली आणि रंगवाला दोन दिवस आजारी पडला. अस्वस्थ तो होताच. दिवसातून चाळीस वेळा सवतीकडे जायचा. पण मधल्या वेळी टेबल पडून राहायचं, आणि ह्या माणसालाही आपण वाळायला सोडलेल्या वस्तूकडे पाठ करता यायला लागली. सवतीची अवस्था मात्र बघवत नव्हती. तिच्यावर ठशांवर ठसे चढून तिचा नकाशा झाला होता.

असे नऊ हात झाले. दहावा, शेवटचा, दाट असतो. तो वरून दिवसभरात कोरडा दिसतो, पण पोटातून तीन दिवस ओला राहतो. भिंगरीने तो दुपारी मारला. एका दमात, सोळा माणसांच्या लांबीवर, एकही जोड न दाखवता. मी त्या मनगटाला बरीच नावं ठेवली आहेत. त्या दुपारी ठेवली नाहीत. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, खिडक्या लावल्या आणि पाचला सगळे बाहेर पडलो. काकी मागून कुलूप लावून आली.

सकाळी दार उघडलं आणि टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठसा होता.

उजव्या अंगठ्याचा. ठसठशीत. काकी बघत राहिली. मामा खुर्चीतून उठला, म्हणजे जाळं तुटलं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात घ्यावं. काकी ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, निघता निघता लावलास ना. रंगवाल्याला परवा माप घ्यायला बोलावते. आणि काठी टेकत स्टुलावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

वरून सरही आले. घसरण हा प्रवासाचाच भाग असतो, असं त्यांनी सांगितलं आणि तेविसावा दिवस घसरणीचा असतो हेही आपण आधीच लिहून ठेवलंय म्हणाले. मामाने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. मामा कुणाला सोडायला गेल्याचं मी एवढंच पाहिलं.

भिंगरी मात्र टेबलाच्या कडेला गुडघ्यावर बसला, डोळा पृष्ठभागाच्या रेषेत आणून उजेडाला तिरपं बघू लागला. मी त्याच्यामागे वाकलो. ठसा अंगठ्याचाच, पण त्यात रेषा नव्हत्या. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. आता स्पिरिट आणि घासकागद चाळीस वर्षं हाताळले की बोटांवरच्या रेषा झिजून जातात. भिंगरीच्या अंगठ्याला अजून सगळ्या रेषा होत्या, माझ्याला अर्ध्या. मामाच्याला तर नव्या कोऱ्या. रेषा नसलेला अंगठा त्या दुकानात एकच होता, आणि तो आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता.

कुलूप लावायच्या आधी ती टेबलाजवळून गेली असणार. चाळीस वर्षं ती रोज निघताना शेवटच्या कामाला अंगठा लावून निघायची, वाळलेल्याला, वाळल्याची खात्री म्हणून. त्या संध्याकाळी नजर अंधूक, डोक्यात लेकीचं गाव, आणि अंगठा आपला नेहमीच्या जागी गेला. तिला कळलंही नाही. जी सवय लागल्याचं माणसाला कळत नाही तीच खरी लागलेली असते. सरांच्या वर्गात हे शिकवत नाहीत, कारण त्यावर फुली मारता येत नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भिंगरीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. पूर्वीचा भिंगरी असता तर ठसा नीट दिसायच्या आधीच गल्लीभर ओरडत सुटला असता, आणि ओरडता ओरडता फडकं घेऊन पुसायलाही धावला असता. ह्या भिंगरीच्या कपाळाची शीर उडत होती, गुडघा हलत होता, अंगठा तर हवेत नाचत होता. पण तो उठला, सवतीजवळ गेला, तिला टोचून आला.

"आज कुणी हात लावू नका," तो म्हणाला. "परवा वाळेल, मग उतरवू."

दोन दिवस त्याने खुर्च्या घासल्या. माझ्याच कामावर बसला, मला जागा उरली नाही. काकी त्याच्याशी बोलत नव्हती. टेबल खोलीच्या मधोमध, त्यावर ठसा, आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना काम करायची. दिवसातून किती वेळा तो सवतीकडे गेला ते मोजायचं मी सोडून दिलं. जमीन तिथे झिजून एक पन्हळ पडली आहे, आजही दाखवीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगवाला फूटपट्टी घेऊन दारात उभा राहिला. भिंगरीने सवतीला अंगठा लावला. काही उमटलं नाही. मग त्याने बारीक कागद भिजवला आणि टेबलाकडे निघाला. काकी म्हणाली, थांब, उतरवायच्या आधी मला एकदा बघू दे, माझ्या दुकानाचा जीव कशाने घेतला ते. तिने दोन दिवसांत पहिल्यांदा चष्मा लावला, आणि वाकली.

बराच वेळ वाकलेली होती. मग तिने स्वतःचा उजवा अंगठा उजेडात धरला, आधी जवळ, मग लांब.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"परवाच."

"आणि दुकान हातचं जात होतं तरी गप्प बसलास? तोंडात काय बोळा होता?"

"ओलं होतं, काकी," भिंगरी म्हणाला. "ओल्यात काही करायला गेलं की खड्डा पडतो. आज बोलणारच होतो."

काकीने चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता. ती रंगवाल्याकडे वळून म्हणाली, डबे घरी पलंगाखाली ठेवा, इथे जागा नाही. मग भिंगरीला म्हणाली की एवढं शहाणपण तिशीच्या आत आलं असतं तर तिचे गुडघे तरी वाचले असते, आणि आता उभा काय राहिलास, उतरव ते. त्याने ठसा हलक्या हाताने घासून उतरवला, वर पातळ हात मारला आणि हात पुसून चहाला निघून गेला. तो गेल्यावर काकी त्या ओल्या कडेशेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. घट्ट बांधून. मी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

ती लेकीकडे गेली. सरांनी आपल्या फलकावर पॉलिशवाल्याचं चित्र काढून घेतलं. मामा खुर्चीसकट दुकानाबरोबर भिंगरीच्या वाट्याला आला.

टेबलाचं उद्घाटन थाटात झालं. आठवड्याच्या आत कुणा विद्वानाने वाचता वाचता त्यावर गरम कप ठेवला आणि पांढरं कडं उमटलं. वाचनालयाच्या बाईंचा शिपाई धावत दुकानात आला. आत्ताच्या आत्ता चला, म्हणाला, बाई नुसत्या येरझाऱ्या घालतायत. भिंगरी पलंगाला हात मारत होता. हात पुरा झाल्याशिवाय त्याने मान वर केली नाही.

"त्यांना म्हणावं, कड्यावर काही चोळू नका," तो म्हणाला. "शनिवारी येतो."